तीन आणि पाचच्या मध्ये

माझ्या वडिलांचा पत्ता भांडुपमध्ये कुणालाही विचारा, तो आधी तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघेल आणि मग पत्ता सांगेल. एलबीएस मार्गावर, सोनापूरच्या अलीकडे, टायरवाल्याच्या मागे पत्र्याची शेड. शेडवर पाटी नाही. पाटी लावायला ते कधी तयारच झाले नाहीत, कारण ज्याला बाळा मिस्त्री माहीत नाही त्याच्या गाडीला हात लावायची त्यांची इच्छा नसते. एवढा माज माणसात कुठून येतो हे मला छत्तिसाव्या वर्षीही कळलेलं नाही.

कागदोपत्री नाव बाळकृष्ण घाडीगावकर, वय अडुसष्ट, धंदा जुन्या डिझेल इंजिनांचा, स्वभाव कुजकट. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि आमचं कुटुंब भांडुपला आलं, तोवर बाबा एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या वर्कशॉपमध्ये लागले होते. तिथून त्यांना काढलं. त्यानंतरच्या तीन ठिकाणांहूनही काढलं. चारही वेळा कारण एकच, मालकाला चारचौघांत गाढव म्हणणं. पाचव्या ठिकाणी कुणी उभं करेना म्हणून स्वतःची शेड टाकली. घरात मात्र हा इतिहास ‘मी कोणाची चाकरी केलंय नाय’ असा सांगितला जातो आणि माझी आई जानकी त्यावर मान डोलावते. तिने आयुष्यभर दुसरं काय केलं?

गिऱ्हाइकाला बसायला शेडमध्ये स्टूल नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. कुणी बिचाऱ्याने “मिस्त्री, नेमकं झालंय काय?” असं विचारलं की ठरलेलं उत्तर, “तुका सांगान तू काय करतलंस? उघडतलंस?” ड्रायव्हर बाबांच्या मते झोपाळू, मालक चिकट, आरटीओतले आंधळे आणि कंपनीच्या वर्कशॉपमधली पोरं मोबाईलवर इंजिन दुरुस्त करणारी. जगात इंजिन कळणारा एकच माणूस उरला आहे आणि तो भांडुपला राहतो.

मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला. का केला असं मला लोक विचारतात. बाबांना बरं वाटेल म्हणून केला, हे खरं उत्तर आहे आणि ते द्यायची मला लाज वाटते. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन शेडवर गेले आणि फर्स्ट क्लास मिळाला असं सांगितलं. ते एका पिस्टनवर रिंग, हवा अडवणारं ते ठिसूळ कडं, चढवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “रिंग हातान चढवलंस कधी? न मोडता?” मी नाही म्हटलं. “मग कसलो फर्स्ट क्लास?” म्हणाले आणि पेढा डाव्या हाताने घेतला, कारण उजवा ग्रीसने भरला होता. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात अडाणी म्हणू लागले. मनातल्या मनात म्हणून म्हणून तो शब्द इतका सवयीचा झाला की आता बाबा म्हणताना आधी तोच आठवतो.

मी अंधेरीला, मरोळच्या एका कंपनीत आहे. जुने ट्रक, टेम्पो, टँकर तपासून त्यांची किंमत ठरवायची आणि अहवाल लिहायचा हे माझं काम. साठ मुद्दे, चाळीस फोटो, शेवटी माझी सही. बाबा त्याला ‘मयताचे दाखले’ म्हणतात. लग्नानंतर मी दहिसरला राहायला गेले, ती त्यांच्या घरातून आणि त्यांच्या टोमण्यांतूनही सुटल्यासारखी गेले. महिन्यातून एका रविवारी भांडुपला जायचं, आईच्या हातचे बांगडे खायचे आणि बाबांशी हवापाण्याबद्दलसुद्धा बोलायचं नाही, असं आमचं छान चाललं होतं.

मग फेब्रुवारीत धम्मपाल सरकटे माझ्या ऑफिसात आला.

धम्मपाल मूळचा मेहकरकडचा, राहायला घाटकोपरला, वय पन्नाशीच्या पुढे. पाण्याचे टँकर चालवतो. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या टँकरवर ड्रायव्हर होता, त्यानंतर एक वापरलेला सहा सिलिंडरचा टँकर त्याने स्वतःच्या नावावर केला. मागे मुलीचं नाव रंगवून घेतलं, प्रांजल वॉटर सप्लाय. मुलुंड आणि घाटकोपरच्या सोसायट्यांना पाणी घालायचा. टँकर भरायच्या रांगेत बाकीचे ड्रायव्हर त्याला ‘शेठ’ म्हणून चिडवायचे, आणि तो चिडायचा नाही, कारण त्याला ते आवडायचं. हे त्यानेच मला सांगितलं. आता त्या टँकरला सतरा वर्षं झाली होती, आरटीओचं पासिंग महिन्यावर आलं होतं आणि इंजिन रडायला लागलं होतं. सकाळी चालू करताना पांढरा धूर, चढावर दम नाही, उभ्या गाडीत सगळी केबिन थडथडते. रांगेतल्या प्रत्येकाने सांगितलं की इंजिन गेलं, काढून टाक. धम्मपालला ते पटत नव्हतं. टँकर काढून टाकला तर दुसरा घ्यायची त्याची ऐपत नव्हती, म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर. म्हणून तो आधी नेहमीप्रमाणे बाबांकडे गेला होता, आणि त्यांची मुलगी गाड्या तपासते हे टायरवाल्याकडून ऐकून दुसरं मत घ्यायला माझ्याकडे आला होता.

“मिस्त्रींनी कंप्रेशन चेक केलं मॅडम,” तो म्हणाला. “पाऊण दिवस घेतला.”

हे काम ते नीट करतात, ते मी नाकारत नाही. कंप्रेशन बघणं म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती जोराने दाबतो ते मोजणं. इंजिन गरम करायचं, डिझेल बंद करायचं, इंधन फवारणारे सगळे नोझल काढायचे, एकेका भोकात गेज बसवून स्टार्टर मारायचा आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं. आमच्याकडे त्या आकड्याला सगळे किलो म्हणतात. सहाही सिलिंडर पंचविशीच्या आसपास असले तर इंजिन निरोगी. एखादा खाली असला तर तिथे हवा कुठून तरी पळते आहे. कुठून पळते, हे ओळखणं म्हणजेच सगळी विद्या.

“मग काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, दोघांच्या मधलं पॅकिंग फाटलंय. डोकं उघडू, पॅकिंग टाकू, चालू लाग. मी म्हटलं, मिस्त्री, नक्की ना? पॅकिंग फाटलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात म्हणतात, माझ्या गाडीला तर एक बुडबुडा नाही. तर म्हणाले, मग तूच मिस्त्री हो, मी टँकर चालवतंय.” धम्मपाल हसला, पण त्याला ते लागलं होतं. “मी म्हटलं, बरं, निदान आकडे तरी लिहून द्या. कुणाला दाखवायला झाले. तर असे बघत राहिले माझ्याकडे, जसं मी त्यांची किडनी मागितली.”

त्याने खिशातून पुठ्ठा काढला. गॅस्केटच्या खोक्याचा फाडलेला तुकडा, त्यावर तेलाचं बोट आणि बॉलपेनने एकाखाली एक सहा आकडे. सव्वीस, सव्वीस, चौदा, पंचवीस, चौदा, सव्वीस. वर गाडीचा नंबर नाही, तारीख नाही, आकड्यांच्या पुढे काही नाही. माझ्या ऑफिसात असला कागद कुणी शिपायानेसुद्धा पुढे केला नसता. मी त्याचा फोटो काढला, कारण मला तो घरी नवऱ्याला दाखवून हसायचं होतं.

आणि मग मी आकडे वाचले. खरं सांगते, मला आनंद झाला.

हेडच्या खालचं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर जळलं तर एकाची हवा दुसऱ्यात जाते. मग ते दोन शेजारी एकदम खाली येतात, दोघांचा आकडा जवळपास सारखा. पाण्याच्या वाटेला धक्का लागत नाही, म्हणून बुडबुडे येतीलच असं नाही. इथपर्यंत बाबांचं बरोबर होतं. पण त्यासाठी ते दोघे शेजारी असावे लागतात! इथे खाली होते तीन आणि पाच. मध्ये चार नंबर पंचवीस किलोवर ठणठणीत उभा.

मी कोरा कागद घेतला, सहा गोल काढले, तिसरा आणि पाचवा काळा केला आणि धम्मपालपुढे सरकवला. “दादा, तुम्हीच सांगा. तीनची हवा पाचमध्ये जायची तर चारच्या डोक्यावरून उडी मारून जाणार का?”

त्याने बोटाने गोल मोजले. “नाही जाणार.”

“मग? दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडलेत म्हणजे रिंगा आणि सिलिंडरचे बोर आतून झिजून गेलेत. आज दोन, उद्या चार. सतरा वर्षांच्या इंजिनाचं हे असंच होतं. पॅकिंग टाकून काय होणार आहे? हेड उघडाल, पुन्हा लावाल, आणि धूर तसाच.”

“पण मिस्त्री तर ठाम होते.”

“ते कशाबद्दल ठाम नसतात?” मी म्हटलं.

धम्मपालने पुठ्ठा उलटसुलट केला. “एकदा त्यांना फोन करून विचारू या का? तुमचेच वडील आहेत.”

फोन टेबलावर माझ्या हाताजवळ पडला होता. मी त्याला हातही लावला नाही. म्हटलं, “त्यांना काय विचारायचं? चाळीस वर्षं एकच हत्यार फिरवलं म्हणून इंजिन वाचता येत नाही, दादा. त्याला शिकावं लागतं. त्यांनी आकडे घेतले, ते बरोबर घेतले असतील. त्यांचा अर्थ लावणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.” हे बोलताना शेजारच्या टेबलावरची माणसं ऐकत आहेत हे मला माहीत होतं आणि मी आवाज कमी केला नाही. नियमाप्रमाणे मी स्वतः गेज लावून पुन्हा तपासायला हवं होतं. लावला नाही. बाबांच्या आकड्यांवर माझा शंभर टक्के विश्वास होता, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

“म्हणजे गेलं?” धम्मपालने विचारलं.

“गेलं.”

त्यावर तो पाणी प्यायला, पुठ्ठा घडी करून खिशात ठेवला आणि मला नमस्कार करून गेला. तीन आठवड्यांनी टँकर दहिसर चेकनाक्याच्या पलीकडच्या एका भंगारवाल्याकडे गेला. त्याच्यावर पाच-सहा दिवसांत गॅस कटर चालला, कागद रद्द झाले. प्रांजल वॉटर सप्लाय ही अक्षरं मधोमध कापली गेली, असं धम्मपाल मला फोनवर म्हणाला. पुढच्याच सोमवारी तो भांडुपच्या एका टँकरवाल्याकडे ड्रायव्हर म्हणून लागला. सोसायट्या त्याच, पाणी तेच, गाडी दुसऱ्याची. मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात एक स्वच्छपणा होता. मी खरं ते सांगितलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी भांडुपला गेले. आई बांगडे तळत होती. बाबा सकाळीच कुणाच्या तरी गाडीसाठी जुना गिअरबॉक्स बघायला दहिसरकडे गेले होते. बाराच्या सुमारास आले, चपला काढल्या, हात न धुता जेवणाच्या टेबलाशी आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या ताटाशेजारी टाकलं.

“बघ,” ते म्हणाले.

उघडलं. जुनं हेड गॅस्केट होतं, तेलाने काळं झालेलं. एका मधल्या पट्टीवर बोटभर जागा जळून आरपार गेली होती.

“कुणाचं?”

“वाचूक येता मा तुका? शिकललं चेडू तू. सांग, कोणाचा ता.”

आई ओट्यापाशी थांबली. मी गॅस्केट उचललं, रेडिएटरकडची बाजू ओळखली आणि मोजलं. पहिलं भोक, दुसरं भोक. जळलेली जागा दोन आणि तीनच्या मध्ये होती.

“धम्मपालच्या इंजिनावरसून काढलंय, नंबर बघान,” बाबा म्हणाले. “भंगारवाल्यान हेड इकला, ब्लॉक तसोच पडललो. ह्या वर चिकटान होता. बोर बघितलंय मी. आरशासारखे. रिंगा चांगल्यो. त्या इंजिनाक काय्येक झाला नव्हता. चार तासाचा काम होता, गो, चार तासाचा!”

मला राग आला. आपण बरोबर असताना कुणी ओरडलं की येतो तसा. “मग चुकीचे आकडे कशाला लिहून दिले? तुमच्या पुठ्ठ्यावर तीन आणि पाच खाली होते. दोन नंबर चांगला होता.”

“दोन? दोन चौदा किलो होतो.”

मी मोबाईलमधला फोटो काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. चष्मा ते लावत नाहीत, तोही माज. म्हणाले, वाच. मी वाचायला लागले, “एक सव्वीस. दोन सव्वीस. तीन...”

“थांब. ता दोन खय लिवलाहा?”

“दुसरा आकडा म्हणजे दोनच ना!”

“तो पाच,” बाबा म्हणाले.

त्यांनी काळ्या बोटाने मोबाईलच्या काचेवर एकेक आकडा दाबत खाली खाली जात म्हटलं, “येक. पाच. तीन. सव. दोन. चार.”

ही माळ मला पाठ आहे. सहा सिलिंडरचे स्फोट ज्या क्रमाने होतात तो हा क्रम, फायरिंग ऑर्डर. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी त्यावर प्रश्न आला होता, मी पूर्ण गुण घेतले होते. बाबा मात्र त्याच क्रमाने जगतात. त्यांच्या उस्तादाने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, ह्या क्रमाने लावायला शिकवले, म्हणून ते सगळंच ह्या क्रमाने करतात. नोझल काढतात ह्या क्रमाने, धुतात ह्या क्रमाने, गेज लावतात ह्या क्रमाने आणि आकडेही ह्याच क्रमाने लिहितात. तिसरा आकडा तीनचा होता, पाचवा दोनचा. दोन आणि तीन. शेजारी शेजारी, दोघेही चौदा किलो. शाळकरी पोरालाही कळेल असं गॅस्केट.

“असं कोण लिहितं?” मी ओरडले. “जगात कुठलाही माणूस एक ते सहा लिहितो! पुढे नंबर घालायला काय झालं होतं?”

“इंजिन जसा बोलता तसा मी लिवतंय. चाळीस वर्षा. कोणाक वाचूक दिलंय कधी? माका वाचूचा असता, माका कळता. तो हट्टाक पेटलो, लिवन द्या, लिवन द्या.” आणि मग, आवाज एकदम खाली आणून, “तुका एक फोन करूक काय झाला होता? हात मोडललो?”

फोन हाताशी होता आणि समोरचा माणूस स्वतः म्हणाला होता की विचारू या. मी त्याला शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं की माझ्या बापाला इंजिन वाचता येत नाही. बापाने चार शब्दांत रोग सांगितला होता आणि मी सहा गोल काढून तो खोडून काढला होता. ज्याला अडाणी म्हणत आले त्याने इंजिनाचा क्रम वापरला होता. मी, साठ मुद्द्यांचे अहवाल लिहिणारी, किराणा मालाची यादी वाचावी तसा तो वाचला. मला माझीच किळस आली. पण खोटं कशाला बोलू, बाबांचीही आलीच. एक ते सहा आकडे पुढे घातले असते तर त्यांची काय पत जाणार होती? प्रत्येकाला मूर्ख समजून गप्प बसायचं आणि मग तो मूर्ख ठरला की मिरवायचं, ह्यात कसली विद्या आली? आम्ही दोघांनी एकमेकांना कमी लेखण्याची हौस भागवून घेतली, आणि टँकर गेला धम्मपालचा.

“त्येका सांगूक व्हया,” आई म्हणाली. ती बोलली ह्याचंच आम्हाला आश्चर्य वाटलं.

“मी सांगीन,” मी म्हटलं.

बांगडे कुणी खाल्ले नाहीत.

पुढच्या रविवारी मी शेडवर गेले. धम्मपालच्या नव्या मालकाचा टँकर शेजारी स्प्रिंगचा पाटा दुरुस्तीला येतो, त्यामुळे रविवारी सकाळी तो तिथे सापडतो असं बाबांनी सांगितलं होतं. मी वाक्य पाठ करून आले होते. धम्मपालदादा, तुमच्या इंजिनाला काही झालं नव्हतं, वाचण्यात माझी चूक झाली. पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, कारण पुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच. टँकर परत येणार नव्हता.

बाबा इंजिनाच्या एका ब्लॉकवर वाकले होते. मला बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. एवढ्यात धम्मपाल टायरवाल्याच्या बाजूने आला. अंगावर मालकाच्या नावाचा टी-शर्ट होता. दोन महिन्यांत तो वाळला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

“मॅडम, तुम्ही इथे? बरं झालं भेटलात. तुमचे उपकार आहेत माझ्यावर.”

“दादा, मला तुमच्याशी बोलायचं आहे,” मी सुरुवात केली.

“आधी माझं ऐका. सुरुवातीला खूप त्रास झाला ना मला, काय सांगू. झोप नाही. वाटायचं, घाई केली, गाडी वाचली असती. बायको तर रोज म्हणायची, मिस्त्री म्हणत होता ते का नाही ऐकलं? शेवटी मी तिला तुमचा तो कागद दाखवला, सहा गोलांचा. जपून ठेवलाय. म्हटलं, बघ, चारच्या डोक्यावरून हवा उडी मारून जाते का? तेव्हा तिला पटलं. आता घरात शांतता आहे. शिकलेल्या माणसाला विचारलं म्हणून वाचलो, नाहीतर ह्यांच्या नादाला लागून पॅकिंग बदलत बसलो असतो आणि वाट लागली असती.”

पाठ केलेलं वाक्य आता म्हणायचं होतं. मी पर्सचा पट्टा खांद्यावर सरळ केला.

धम्मपाल बाबांकडे वळला. इतक्या वर्षांत बाबांनी त्याला काय काय ऐकवलं असेल ते मला माहीत आहे, आणि आज त्याचा दिवस होता. “मिस्त्री, आता तरी कबूल करा. मुलीसमोर करा. इंजिन गेलेलंच होतं ना?”

शेडच्या आत, फडताळावर, जळलेलं गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं होतं. बाबांनी मालकांना तोंडावर गाढव म्हटलं होतं, त्यापायी चार नोकऱ्या घालवल्या होत्या, माझ्या फर्स्ट क्लासलाही सोडलं नव्हतं. इंजिनाबद्दल खोटं बोललेलं मी त्यांना एकदाही ऐकलं नव्हतं. ते आता बोलतील आणि मी एका क्षणात मोकळी होईन, असं मला वाटलं. मी वाट बघत होते. मला स्वतःला बोलायला नको होतं, त्यांनी बोलायला हवं होतं.

बाबांनी धम्मपालच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, काटा कुठे थांबतो ते पाहावं तसं.

“होय,” ते म्हणाले. “गेलला होता. माझा चुकला.”

हे त्यांनी माझ्यासाठी केलं की त्याच्या घरातल्या शांततेसाठी, मला माहीत नाही. मी नंतरही विचारलं नाही.

“वय झालं तुमचं,” धम्मपाल म्हणाला. आवाजात राग नव्हता, दयाच होती, आणि ती जास्त वाईट होती. “ह्यापुढे गेज लावलात ना, तर आकडे मॅडमना दाखवत जा. उगाच एखाद्याची गाडी बरबाद व्हायची. काय मॅडम, खरं की नाही?”

“दाखवीन,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला.

हे असं कुणीतरी माझ्या बापाला तोंडावर सुनवावं असं मला निकालाच्या त्या दिवसापासून वाटत आलं होतं. धम्मपाल माझ्याकडे बघत थांबला होता. मी हो म्हणून मान हलवली.